जुलाब थांबवायची गोळी, ओआरएसची पुडी आणि तो गोड डबा – लातूरहून रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांच्या घरात आत्ता कुणाला ढाळ लागलीय त्यांचं काम होईल. ओआरएसची साधी पुडी, जिच्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला छापलेलं असतं, तिला पाचपैकी पाच. झिंकच्या गोळ्यांना पण पाच, फक्त लोकं त्या पूर्ण घेत नाहीत. जुलाब थांबवायची गोळी म्हणजे लोपेरामाइड, मोठ्या माणसाला, ताप नसेल, संडासात रक्त नसेल तर तीन, आणि लहान लेकराला शून्य. फळांच्या चवीचा तो गोड डबा, जो नावात ओआरएस लावून विकला जायचा, ज्यूस म्हणून आवडत असेल तर प्या, ढाळीवर त्याला एकही स्टार नाही.

आता का ते सांगते, आणि जरा लांबण लागेल कारण हा विषय मला मनापासून जवळचा आहे. मी लातूरला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि आमच्या वरच्या मजल्यावर नीटची पोरं राहतात. अहमदपूर, उदगीर, गंगाखेड, कंधार, कुठून कुठून येतात. मेसचं जेवण, उन्हाळ्यात टँकरचं पाणी, ते पाणी टाकीत चार-चार दिवस साठवलेलं, आणि पहिला पाऊस पडला की नळाला गढूळ पाणी, म्हणजे पोट बिघडायला वेगळं काही करावंच लागत नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं हे सगळ्या देशाला माहितीय, पण पाणी साठवून साठवून वापरायची सवय इथं त्याच्या आधीपासूनची आहे आणि साठवलेल्या पाण्यात हात, मग, तांब्या बुडतच राहतो. त्यामुळं माझ्याकडं औषधाची पेटी कायम भरलेली असते.

पावसाळ्याच्या तोंडावर एका लग्नाचं जेवण करून आलेला कंधारकडचा एक पोरगा रात्री दार वाजवायला लागला. "मॅडम, पोटात लई मुरडा मारायलाय, तीनदा जाऊन आलो, ती बंद करायची गोळी द्या ना, उद्या टेस्ट हाय." सगळी पोरं हेच मागतात. पालकांचा फोन आला तर ते पण हेच म्हणतात, मॅडम बंद होणारी गोळी द्या. ढाळ म्हणजे आजार आणि ढाळ थांबली म्हणजे बरं झालं, असं डोक्यात पक्कं बसलेलं आहे, आणि मला हे डोक्यातून काढायचंय म्हणूनच हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

मुरडा मारतो तेव्हा आत नेमकं काय व्हायलंय ते बघा. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोलाकार आणि बाहेरचा लांबीच्या दिशेनं जाणारा, आणि दोघांच्या मधोमध नसांचं एक जाळं असतं, आउअरबाखचं जाळं म्हणतात त्याला. तिथंच काहालच्या पेशी असतात, स्पेनच्या काहाल या शास्त्रज्ञांच्या नावावरून, ज्यांना १९०६ चं नोबेल मिळालं. या पेशी ठेका धरून असतात, जठरात मिनिटाला तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला साधारण बारा आणि शेवटाकडं आठ-नऊ. म्हणजे मेंदूनं काही सांगितलं नाही तरी आतडं आपलं आपलं काम करत राहतं, अन्न घुसळतं, पुढं ढकलतं. आणि दिवसभरात या आतड्यात आपण प्यालेलं पाणी, लाळ, जठररस, पित्त असं सगळं मिळून आठ-नऊ लिटर पाणी येतं, त्यातलं जवळपास सगळं परत शोषलं जातं आणि संडासावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिली बाहेर पडतं. हा हिशोब वर्गात सांगितला की पोरं विश्वासच ठेवत नाहीत.

जंतू हा हिशोब बिघडवतात, आणि बऱ्याचदा स्वतः आतड्याच्या भिंतीत न घुसता, फक्त विष सोडून. हे सिद्ध केलं ते आपल्याच देशात, कोलकात्यात, डॉ. शंभुनाथ डे यांनी. पटकीचा, म्हणजे कॉलराचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८४ लाच दाखवला होता, पण डे यांनी १९५९ मध्ये जंतू गाळून काढलेलं पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं आणि तो तुकडा पाण्यानं टम्म फुगला. जंतू नाहीत, नुसतं विष, तरी आतड्यानं पाणी सोडलं. या माणसाचं नाव बारावीच्या पोरांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

हे विष आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींना चिकटतं, पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढवतं आणि त्या पेशी क्लोराइड बाहेर सोडत राहतात, त्याच्या मागं सोडियम, त्याच्या मागं पाणी. आपल्याकडं जास्त करून भेटतो तो ई. कोलाय जंतूचा एक प्रकार, त्याचं एक विष जवळपास पटकीच्या विषासारखंच काम करतं. पण गोष्ट इथंच संपत नाही, आणि मुरड्याचं उत्तर पुढं आहे. त्याच अस्तरात काही पेशी सेरोटोनिन नावाचं निरोप्या रसायन साठवून असतात. अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. विष लागलं की या पेशी ते सोडतात, ते नसांच्या जाळ्याला चेतवतं, नसा एकीकडं अस्तराला आणखी पाणी सोडायला लावतात आणि दुसरीकडं स्नायूंना जोरात आवळायला लावतात. वरून आत साठलेल्या पाण्यानं आतडं ताणलं जातं, ताणलं की ते अजून जोरात ढकलतं. सशांवरच्या प्रयोगात पटकीचं विष दिल्यावर आतड्यात जोरदार आवळण्याच्या लाटाच्या लाटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जाताना दिसल्या होत्या. तो पोरगा जिला मुरडा म्हणत होता ती हीच लाट, आली की घाम फुटतो, गेली की दोन मिनिटं बरं वाटतं, परत येते.

सगळी विषं एकसारखी नसतात बरं का. लग्नातला सकाळी शिजवून दुपारपर्यंत झाकून ठेवलेला भात असेल तर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचं विष असू शकतं, ते परत गरम करून पण मरत नाही आणि तास-दोन तासांत, फार तर पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. स्टॅफ जंतूचं विष पण असंच, खव्याच्या मिठाईत, बासुंदीत, हातावरच्या जखमेतून गेलेलं, उकळून पण टिकणारं. ही विषं पोटातल्या व्हेगस नसेवाटे मेंदूला कळवतात आणि मग उलटीच्या आधी लहान आतड्याच्या मधूनच एक मोठी उलटी लाट वरच्या दिशेनं निघते, आतड्यातलं सगळं जठरात आणते. म्हणून उलटीत हिरवं-पिवळं पित्त दिसतं, लोकं उगाच घाबरतात की पित्त वाढलं. मोठ्या पातेल्यात केलेलं मटण हळूहळू थंड होत राहिलं तर त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो, तो खाल्ल्यावर आठ-बारा तासांनी मुरडा आणि जुलाब, उलटी सहसा नाही. आणि उपवासाच्या भगरीचं जे दरवर्षी आपल्याकडं ऐकू येतं त्यात बहुतेकदा बुरशीच्या विषाचा संशय असतो, तो वेगळा विषय आहे, त्यात चक्कर, थरथर असं पण होतं, तिथं घरी थांबूच नका.

शिगेला हा जंतू सगळ्यात दुष्ट. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरातच घुसतो, जखमा करतो, सूज आणतो. सूज आलेल्या मोठ्या आतड्याचं घुसळायचं, थांबवून धरायचं काम बंद पडतं आणि नुसत्या मोठमोठ्या ढकलणाऱ्या लाटा येतात, म्हणून घडीघडीला जावं लागतं, कुंथावं लागतं, आणि पडतं काय तर चमचाभर आव आणि रक्त.

एक उलटं उदाहरण पण आहे. बोट्युलिनम नावाचं विष नसांच्या टोकाला ॲसिटिलकोलिन, म्हणजे स्नायूला आवळायचा निरोप देणारं रसायन, सुटूच देत नाही, त्यामुळं स्नायू आवळतच नाहीत, लेकराला आधी बद्धकोष्ठ होतो आणि मग मान टाकतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका असं डॉक्टर सांगतात ते याच जंतूच्या बीजाणूंमुळं. आपल्याकडं बाळाला पहिला मध चाटवायची रीत आहे, घरातल्या आज्ज्यांना हे प्रेमानं समजावून सांगा, पण सांगाच.

आता गोळीकडं येऊ. लोपेरामाइड बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत १९६९ च्या सुमारास तयार झालं. अफूच्या घराण्यातलं आहे पण मेंदूत फारसं पोचत नाही, त्यामुळं नशा होत नाही. ते आउअरबाखच्या त्याच जाळ्यात अफूच्या रिसेप्टरवर, म्हणजे अफू जिथं चिकटते त्या जागेवर बसतं, ॲसिटिलकोलिन कमी सुटतं, स्नायूंच्या लाटा मंदावतात, माल आत जास्त वेळ थांबतो, पाणी शोषायला थोडा वेळ मिळतो. म्हणजे गोळी काम करते, खोटी नाही. नांदेडहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायचंय, तिशीतला धडधाकट माणूस आहे, नुसते पाण्यासारखे जुलाब आहेत, अंगात ताप नाही, तर एक-दोन गोळ्यांनी प्रवास निभावतो, आणि सोबत ओआरएस घेत राहिला तर माझी काही हरकत नाही. त्याचेच ते तीन स्टार.

पण ही गोळी विषाला हात लावत नाही, जंतूला हात लावत नाही. स्नायू थांबवते. चोर घरात आहे आणि आपण बाहेरून कडी लावली, असा तो प्रकार. साध्या ई. कोलायमध्ये निभावतं, पण शिगेलासारखा जंतू असेल तर जे बाहेर पडायला पाहिजे तेच आत मुक्काम करतं. अमेरिकेत ड्यूपाँट आणि हॉर्निक यांनी १९७३ मध्ये शिगेला झालेल्या माणसांवर याच जातीच्या दुसऱ्या गोळीचा, म्हणजे डायफेनॉक्सिलेट-ॲट्रोपिनचा अभ्यास छापला, त्यात ताप लांबला होता. अँटिबायोटिक खूप झाल्यावर मोठ्या आतड्यात जो सी. डिफिसिल जंतू माजतो, त्यात तर मोठं आतडं फुगून धोक्यात जाऊ शकतं. आणि रक्ती जुलाबाचा जो ई. कोलाय किडनीपर्यंत जातो, त्यात पण ही गोळी देऊ नये हेच सांगतात.

आमच्या ओळखीच्या एका ताईंना एका मेडिकलवाल्यानं तीन वर्षांच्या लेकरासाठी "हीच अर्धी करून द्या" म्हणून सांगितलं. त्या गोळी हातात घेऊनच माझ्याकडं आल्या म्हणून कळलं. लेकराचं आतडं या गोळीनं पार ठप्प होऊ शकतं, पोट फुगतं, गुंगी येते, आणि संडास थांबली म्हणून घरचे निर्धास्त, आत मात्र पाणी साठतच असतं, बाहेर दिसत नाही एवढंच. पाच वर्षांखालच्या लेकरांना ढाळ थांबवणारी गोळी देऊ नका हे जागतिक आरोग्य संघटनेचं कित्येक वर्षांचं म्हणणं आहे. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या दादांना कळकळीची विनंती आहे, गिऱ्हाईक कितीही मागू द्या, लेकरू कितीचं आहे एवढं तरी विचारत जा.

मुरड्यासाठी जी डायसायक्लोमिनची गोळी मिळते तिच्याबद्दल थोडक्यात. ती स्नायूवरचा ॲसिटिलकोलिनचा रिसेप्टर अडवते, कळ कमी होते, पण तोंड कोरडं पडतं आणि आतडं पण सुस्तावतं. डॉक्टरनं लिहून दिली तर घ्या, स्वतःच्या मनानं ताप-रक्त असताना नको. रेसेकॅडोट्रिल म्हणून एक असतं ते मात्र स्नायूंना थांबवत नाही, पाणी सुटणं कमी करतं, ते पण डॉक्टरच्याच सल्ल्यानं.

संडास बंद झाली म्हणजे बरं झालं असं नसतं, हे मला आमच्या डॉक्टरांकडं नीट कळलं. त्यांनी त्या पोराच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि मला पण ऐकायला दिला. आत नुसता खळखळाट, गुरगुर, मधेच एक लांब कर्रर्र आवाज आणि त्याच क्षणी पोरानं पाय पोटाशी घेतले. डॉक्टर म्हणाले, "हा आवाज आहे तोवर मला कमी काळजी. पोट फुगलंय आणि आत सामसूम आहे, तेव्हा मी घाबरतो." इन्फेक्शन रक्तात पसरलं की जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष आतड्याच्या स्नायूंतल्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशींना भडकवतं, त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि स्नायू लुळे पडतात, आतडं चालायचंच थांबतं. ते थांबणं बरं होण्याचं नसतं.

मग पुडीला पाच का. कारण विष पाणी सोडायला लावतं, पण पाणी आत घ्यायची एक वाट तशीच सोडून देतं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेणारी ती वाट पटकीत सुद्धा चालू असते. म्हणून साखर आणि मीठ ठरलेल्या मापात पाहिजे, मनाला येईल तसं नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी पुड्या बांधून हेच मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून लोकांना प्यायला दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते साडेतीन टक्क्यांवर आलं. ते २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आजच्या पुडीत एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. २००२ नंतर हे पाणी आधीपेक्षा पातळ केलं, ऑस्मोलॅरिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ३११ वरून २४५ केलं, त्यानं उलट्या आणि सलाईनची गरज कमी झाली.

पुडीची चव कुणाला आवडत नाही हे खरंय. खारट-गोड, मचूळ. पण एक गंमत मी बघितलीय, ज्याच्या अंगातलं पाणी गेलंय त्याला ती चव वाईट लागत नाही. त्या पोरानं पहिला ग्लास न कुरकुरता घेतला आणि सकाळी बरं वाटायला लागल्यावर म्हणाला, "मॅडम, हे लई बेकार लागतंय." मोठ्या पुडीला लिटरभर पाणी मापून घ्या, लिटरची बाटली वापरा, अंदाजे तांब्या नको. अर्धी पुडी अर्ध्या लिटरमध्ये असं पण करू नका, पावडर सारखी मिसळलेली असेलच असं नाही, त्यापेक्षा दोनशे मिलीची छोटी पुडी आणा. पाणी उकळून गार केलेलं. गार झाल्यावर पुडी, पुडी टाकून उकळायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्यानं, गटागटा नाही, गटागटा प्यालं की ताणलेलं जठर परत फेकून देतं. त्या रात्री मी त्याच्या रूममेटला घड्याळ घेऊन बसवलं होतं, दर दोन-तीन मिनिटाला दोन घोट, आणि पहाटेपर्यंत पोराला लघवी झाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

ताप, रक्त नव्हतं म्हणून त्याला दुसरं काही लागलं नाही. भात-वरण, दही, केळी चालू ठेवलं. उपाशी ठेवायचं नाही, अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर अजिबात तोडायचं नाही.

तो गोड डबा. वर्षानुवर्षं मेडिकलमध्ये ओआरएस मागितलं की हे डबे पुढं केले जायचे, संत्रं-सफरचंदाचं चित्र, नावात ओआरएस, आणि आत साखर कित्येक पट. आतड्यात इतकी साखर गेली की ती भिंतीतून आणखी पाणी ओढून आणते, म्हणजे ढाळ वाढते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कित्येक वर्षं एकटीनं झगडा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं की अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायचं नाही. या बाईंचे उपकार आहेत आपल्यावर. तरी जुना माल, मिळतीजुळती नावं दिसली तर मागची बारीक अक्षरं वाचाच.

झिंकचं एवढंच की लेकराला चौदा दिवस द्यायचं असतं, सहा महिन्यांवरच्याला रोज वीस मिलिग्रॅम, त्याखाली दहा. ढाळ तिसऱ्या दिवशी थांबली तरी चौदा पूर्ण करायचे, त्यानं फाटलेलं अस्तर भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने परत ढाळ लागायची शक्यता कमी होते. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते.

रक्त पडायलंय, अंग तापलंय, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, लेकरू मलूल पडलंय, पोट फुगलंय, नाहीतर घोटभर पाणी पण थांबत नाही, यातलं एक जरी असेल तर पुडी पाजत पाजत दवाखाना गाठा, रात्र असली तरी. पुडी बाजारात थोडक्या रुपयांत मिळते, आणि गावात आशाताईंकडं, उपकेंद्रात, पीएचसीत पुडी आणि झिंक दोन्ही फुकट मिळतात. पावसाळ्याच्या आधीच चार-पाच आणून ठेवा, आणि आणताना पुडी हलवून बघा, आत गठ्ठा झाला असेल तर दुसरी मागा.